ओल कुणाची?

फेब्रुवारी-मार्चात कोकणातला कुठलाही फ्लॅट चांगलाच दिसतो. भिंती नुकत्या रंगवलेल्या, खिडकीतून खारा वारा, पलीकडे माडांचे शेंडे आणि नशीब असेल तर समुद्राची एक रेघ. बँकेत बदली होऊन रत्नागिरीला आलेला माणूस, लोट्याच्या कारखान्यात लागलेला तरुण, मेडिकल कॉलेजात नंबर लागलेल्या मुलीचे आईवडील, सगळ्यांना तो एका फेरीत पसंत पडतो. मग मिरग उलटतो, चार दिवसांची झड लागते आणि बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, एक पिवळसर डाग पसरायला लागतो. भाडेकरू मालकाला फोटो पाठवतो. मालक मुंबईत, नाहीतर कुवेत-दोह्याला. तो म्हणतो, आधीच्या भाडेकरूच्या वेळी असं काही नव्हतं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, ते तुमचं तुम्ही बघा.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आडव्या वाऱ्यासकट, आणि बारा महिने हवेत मीठ. अशा मुलखात घर भाड्याने देणं-घेणं हा मुख्यतः पाण्याचा व्यवहार आहे. भाडं थकलं, डिपॉझिट अडकलं, मेंटेनन्स भरला नाही, ही भांडणं वरवर पैशाची दिसतात. थोडं खरवडलं की खाली बहुतेक वेळा ओल निघते, आणि ती कुणाची हे आधी कुणीच ठरवलेलं नसतं. ते ठरवता येतं, पण त्याआधी ओलीची जात ओळखावी लागते.

गच्चीची ओल पाऊस सुरू झाल्याबरोबर येत नाही. स्लॅब आधी पाणी पितो. म्हणून छतावरचा तपकिरी कडेचा गोल डाग जूनअखेरीस किंवा जुलैत उमटतो आणि पाऊस थांबला तरी ऑक्टोबरपर्यंत जात नाही. हा डाग सहसा छताच्या मधोमध, पंख्याच्या हुकाजवळ किंवा तुळई आणि स्लॅबच्या सांध्यात असतो. बाहेरच्या भिंतीतून येणारी ओल याच्या उलट वागते. वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून मारतो, त्यामुळे ती त्याच बाजूच्या भिंतींवर येते, जोराच्या सरीनंतर काही तासांत दिसते आणि चार दिवस उघडीप मिळाली की फिकी पडते. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची ओल मे महिन्यातही असते. तळमजल्याची जमिनीतून चढणारी ओल फरशीपासून दोन-तीन फुटांवर थांबते, आतल्या भिंतींनाही असते आणि तिथे लोणा लागतो: पांढरी भुकटी, बोटाने झाडली की पडते, आठवड्याने पुन्हा येते.

पाचवी जात सगळ्यांत वादाची. कपाटाच्या मागे, कोपऱ्यात, गादीच्या खाली काळे बारीक ठिपके. भिंतीवर पाण्याचा डाग मात्र कुठेच नाही. ही बाहेरून आलेली ओल नव्हे. खिडक्या बंद, आत दोरीवर ओले कपडे, स्वयंपाकाची वाफ, कपाट भिंतीला चिकटलेलं, अशा घरातली हवाच थंड भिंतीवर पाणी सोडते. मालक प्रत्येक ओलीला हेच कारण लावतात आणि भाडेकरू कधीच मान्य करत नाहीत. तपासायला मात्र दहा रुपयांचंही काम नाही. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन संशयित जागेवर लावायचा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या, दोन दिवस ठेवायचा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर दव आलं तर ओल घरातल्या हवेची, म्हणजे राहणाऱ्याची सवय बदलायची. फॉइलच्या मागे, भिंतीच्या बाजूला पाणी धरलं तर ते भिंतीतून येतंय आणि त्यात भाडेकरूचा काही दोष नाही. भिंत आधी पुसून कोरडी करून घ्यायची, नाहीतर वरचंच पाणी मागे अडकून चुकीचा निकाल मिळतो.

वरच्या बाथरूमचा संशय असेल तर वरच्या घरात जाऊन नुसतं ‘तुमचं गळतंय’ म्हणण्यात अर्थ नाही, ते दार लावून घेतील. रीतसर परीक्षा सुचवावी. नहाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीतल्या पाणी जाण्याच्या तोंडाला, कपड्याचा बोळा घट्ट लावून फरशीवर दोन इंच पाणी चोवीस तास उभं करायचं. त्यात पोटॅशियम परमँगनेटचे थोडे खडे टाकले की पाणी जांभळं होतं आणि खाली तोच रंग उतरला तर वादच संपतो. उभ्या पाण्याने खाली काही फरक पडला नाही, पण ओल मात्र रोजची, तर दोष फरशीत नसून भिंतीतल्या पाइपात असतो. मग रात्री सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर किंवा टाकीची पातळी बघायची. सकाळी उतरलेली दिसली तर प्लंबर बोलवायचा. ट्रॅपच्या भोवतीचा सांधा हे बाथरूममधलं सर्वांत कच्चं ठिकाण. पुष्कळदा पूर्ण फरशी उखडायची गरज नसते, ट्रॅपभोवतीची चार लाद्यांएवढी जागा फोडून सांधा नीट भरला तरी भागतं. ठेकेदार हे आपणहून सांगत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

पश्चिमेकडच्या भिंतीची ओल म्हटली की लोक लगेच बाहेरून रंग काढायला निघतात. त्याआधी खिडकी बघावी. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या चौकटीला बाहेरच्या बाजूने बारीक चिरा किंवा भोकं असतात, आत आलेलं पाणी बाहेर जायला. धूळ, मुंग्यांची माती आणि रंगाऱ्याच्या कृपेने ती बुजतात. मग चौकटीत पाणी साचतं आणि वाऱ्याच्या झोतासरशी आत सांडतं, थेट खिडकीखालच्या भिंतीत. एक जुना टूथब्रश आणि बारीक तार, एवढ्यात हे काम होतं. दुसरं ठिकाण चौकट आणि भिंत यांच्यामधली सिलिकॉनची रेघ. उन्हाने ती कडक होऊन सुटते. तिसरं, ग्रीलचे खिळे भिंतीत शिरतात ती जागा. चौथं, खिडकीबाहेरचा कडप्पा किंवा मार्बल: त्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा, आतल्या बाजूला असेल तर दरवर्षी रंग काढूनही काही होणार नाही. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर पाणी छज्जाच्या पोटावरून सरपटत भिंतीपर्यंत येतं, तेही बघून घ्यावं.

गच्चीचं काम जानेवारी ते एप्रिल या काळातच करायचं असतं. आगोट तोंडावर आली की, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सगळ्या तालुक्याला एकदम वॉटरप्रूफिंग आठवतं. वळवाची एक सर येऊन गेलेल्या ओलसर स्लॅबवर कोटिंग मारलं की आतली वाफ बाहेर पडायला बघते आणि पापुद्र्याला फोड येतात. जुलैत तेच फोड फुटून पाणी आत जातं. काम करताना आधी चिरा व्ही आकारात उघडून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायच्या. गच्ची आणि कठडा जिथे भेटतात तिथे गोल वाटा (कोपऱ्यात दिलेला सिमेंटचा गोलावा) नीट आहे की सुटलाय ते पाहायचं, कारण निम्मी गळती तिथूनच होते. कोटिंगचे किमान दोन हात एकमेकांना काटकोनात मारायचे, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. कोपऱ्यात आणि पाइपांभोवती जाळी घालायची. कठड्यावर नऊ ते बारा इंच वर कोटिंग न्यायचं. आणि शेवटी, ठेकेदाराचे सगळे पैसे देण्याआधी, पाणी जाण्याची तोंडं बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास उभं करून दाखवायला लावायचं. हे लिहून घेतलेलं नसलं तर ठेकेदार ‘पाऊस पडला की कळेलच’ म्हणतो.

गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याची आता सगळीकडे रीत झाली आहे आणि पाण्याच्या बाबतीत ती गुणकारीही आहे. पण शेडला नगर परिषदेची किंवा नगरपंचायतीची परवानगी लागते, आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात पत्रे कसे उडाले ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पत्रा उडतो तो मधून नव्हे, कडेने उचलला जातो. कडेच्या ओळींत स्क्रू दाट हवेत, पत्रा बाहेर फूटभरापेक्षा जास्त लोंबकळता कामा नये आणि जुने हूक-बोल्ट खाऱ्या हवेत गंजून काडीसारखे झालेले असतात ते दर मे महिन्यात हलवून पाहायला हवेत.

आता गंजाचं. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आतल्या इमारतीत पार्किंगमध्ये उभं राहून वर बघावं. तुळईच्या खालच्या कडेला सळईच्या रेषेत सरळ चीर दिसते का? बांबूने ठोकल्यावर प्लास्टर बद्द वाजतं का? लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. मीठ आत शिरायला वेळ लागावा यासाठी सळईवर काँक्रीटचं पुरेसं आवरण लागतं. भारतीय मानक ४५६ प्रमाणे किनारी हवेत ते ४५ मिलिमीटर हवं. जुन्या इमारतींत खपली पडलेल्या ठिकाणी पट्टी लावून पाहिलं तर वीस-पंचवीसच निघतं. कुठे वाळू खाडीची, कुठे पाणी मचूळ विहिरीचं. अशा खपल्यांवर सिमेंट थापून वर रंग देणं हा आपल्याकडचा अत्यंत लोकप्रिय आणि अत्यंत निरुपयोगी उपाय. आतला गंज चालूच राहतो आणि दोन पावसाळ्यांत तोच तुकडा थोडा मोठा होऊन खाली येतो. योग्य काम म्हणजे सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत करायची, गंजरोधक लेप द्यायचा, जोडणारा हात मारायचा आणि पॉलिमर मसाला पातळ थरांत भरायचा. सळई बरीच झिजली असेल तर तिथे नवी जोडायला लागते, आणि तो निर्णय गवंड्याचा नव्हे, इंजिनिअरचा.

फ्लॅट विकत घेणाऱ्यांनी हे भाडेकरूपेक्षा दुप्पट लक्षपूर्वक बघावं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे इमारत १५ वर्षांची झाली की ३० वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. शेवटचा अहवाल मागावा. ‘केलंय, पण सापडत नाहीये’ हे उत्तर म्हणजे केलेलं नाही.

ओल कुठून येते हे कळलं की खर्च कुणाचा हे फारसं अवघड राहत नाही. सोसायटी असेल तर गच्चीची गळती, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप हे सोसायटीच्या खर्चाने. वरच्या घराच्या बाथरूमची गळती वरच्या सभासदाची. याच कामांसाठी दुरुस्ती निधी असतो, दर फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के, दोन्ही जमिनीची किंमत वगळून. छोट्या गावांतल्या सोसायट्या मेंटेनन्स कमी ठेवल्याचा अभिमान बाळगतात, हे दोन निधी गोळाच करत नाहीत, आणि मग गच्चीसाठी एकदम दर घरामागे पंचवीस-तीस हजार मागायची वेळ आली की सभा उधळते.

पण कोकणातल्या तालुक्याच्या गावांतली खरी अडचण याच्या अलीकडची आहे. पुष्कळ इमारतींत सोसायटीच झालेली नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी बिल्डरने चाव्या दिल्या, जिन्याचा दिवा आणि पंप यासाठी महिन्याला काही रुपये कुणीतरी गोळा करतं, जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ बागायतदाराच्या नावावर. गच्ची कुणाची हेच कागदावर नाही, तर गळती कुणाची कशी ठरणार? अशा ठिकाणी आधी संस्था नोंदवणं आणि मग मोफा या फ्लॅट-मालकीच्या कायद्याखाली मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरने सही दिली नाही तरी जमीन-इमारत संस्थेच्या नावावर व्हावी यासाठी, अर्ज करणं, हाच वॉटरप्रूफिंगचा पहिला हात समजावा. इमारत नवी असेल तर रेरा कायदा कामाला येतो: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ‘वॉटरप्रूफिंगची गॅरंटी एकच वर्षाची होती’ या बिल्डरच्या वाक्याने ती पाच वर्षं कमी होत नाहीत. तक्रार मात्र लेखी हवी, फोटोंसकट, ईमेलने आणि रजिस्टर पोस्टानेही. पाचव्या पावसाळ्याची वाट बघत बसू नये.

भाडेकराराबद्दल आता थोडक्यात. अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झालं, ही समजूत गोव्याच्या हद्दीपासून पालघरपर्यंत पक्की बसलेली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मालकाला जास्त झोंबेल अशी गोष्ट त्याच कलमात आहे: नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. आणि हे सगळं टाळून वाचतं किती? मुद्रांक एकूण भाडं अधिक परत करण्याच्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के. महिना ८,००० भाडं, ३०,००० डिपॉझिट, ११ महिने धरले तर ८८,००० आणि वर पावणेतीन हजार. त्यावरचं मुद्रांक सव्वादोनशेच्या घरात. वर नोंदणी फी, ग्रामीण भागात ५०० आणि शहरात १,०००. आधार आणि अंगठा वापरून हे काम घरबसल्या ऑनलाइन होतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची, तीही ऑनलाइन देता येते. पोच जपून ठेवायची. मुदत संपल्यावरही भाडेकरू हलला नाही तर कलम २४ प्रमाणे करारातल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते, पण त्यासाठी मुळात करार धड असावा लागतो.

सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, बस्स. ना-वहिवाट शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क म्हणजे पूर्ण मेंटेनन्स नव्हे. घरपट्टी, पाणी, निधी वगळून उरतं ते. ते महिना ६०० असेल तर शुल्क ६० रुपये. भाडेकरू ठेवला म्हणून सरसकट ५०० लावणारी सोसायटी नियमाबाहेर वागतेय.

आखातातल्या मालकांचे फ्लॅट रत्नागिरी, खेड, श्रीवर्धन या भागांत खूप आहेत, म्हणून एक गोष्ट दोघांनीही लक्षात घ्यावी. मालक आयकराच्या दृष्टीने अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरायचा असतो, आणि निवासी मालकाच्या बाबतीत असते तशी महिना ५० हजारांपर्यंतच्या भाड्याची सूट इथे नाही. साधा दर उपकरासकट ३१.२ टक्के. मालकाने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणून दिला तर दोघांचीही डोकेदुखी कमी होते. मालकाच्या वतीने भाऊ किंवा मेव्हणा सही करणार असेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरलेलं हवं.

करारात ओलीचं कलम स्वतंत्र लिहावं, कारण छापील नमुन्यात ते नसतं. नमुन्यात ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी’ एवढंच असतं आणि मालकाच्या दृष्टीने छत गळणंही किरकोळच. कलमात पावसाळा वेगळा काढायचा. जुलैत कायमची दुरुस्ती होत नाही हे दोघांनाही माहीत असतं, मग ‘तातडीने दुरुस्त करावे’ असं खोटं कशाला लिहायचं? लिहावं ते असं: पावसाळ्यात गळती कळवल्यापासून सात दिवसांत ताडपत्री, सीलंट वगैरे तात्पुरता बंदोबस्त; कायमचं काम पाऊस संपल्यावर ३१ डिसेंबरपर्यंत, गच्चीचं असेल तर एप्रिलअखेरपर्यंत; एखादी खोली वापरता येण्याजोगी राहिली नाही तर त्या काळापुरतं भाडं इतक्या टक्क्यांनी कमी. आतल्या हवेची बुरशी भाडेकरूने साफ करायची, कपाटं भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवायची. ग्रील, पंखे, कड्या, एसीच्या बाहेरच्या युनिटचं स्टँड यांना खाऱ्या हवेने येणारा गंज हे भाडेकरूने केलेलं नुकसान नव्हे, हेही एका ओळीत. एसीच्या बाहेरच्या युनिटवर महिन्यातून एकदा वीज बंद करून गोडं पाणी हलक्या हाताने मारलं तर कॉइल जास्त टिकते. हे काम राहणाऱ्याने करावं आणि दोन वर्षांत कॉइलला भोक पडलं तर खर्च मालकाचा.

गणपतीचा विषयही लिहूनच घ्यावा. पुष्कळ चाकरमानी मालक घर भाड्याने देतात आणि ‘गणपतीत पाच दिवस आम्ही येणार’ असं तोंडी सांगून ठेवतात. मे महिन्यात पर्यटकांना घर देता यावं म्हणून एप्रिलमध्ये भाडेकरूला उठवायचा प्रकार मालवण-अलिबागकडे चालतो. पहिल्यावर उपाय म्हणजे एक खोली मालकाने स्वतःकडे ठेवायची, ती करारातून वगळायची आणि भाडं तेवढं कमी करायचं. दुसऱ्यावर उपाय लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी करार मोडायचा नाही ही अट, दोन्ही बाजूंनी सारखी. मालकाला सीझनचं उत्पन्न हवं असेल तर त्याने जून ते मार्च असाच करार करावा, उघडपणे.

पाणी किती येतं हे मार्चात विचारून उपयोग नाही, मे महिन्यात किती येतं ते शेजाऱ्याला विचारावं. दर माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर चौघांना ५४० लागतात. हजार लिटरची टाकी दोन दिवसही पुरी पडत नाही, आणि उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड सोडणारी गावं काही कमी नाहीत. टँकरचा खर्च कुणाचा, हे करारात. खाडीलगतच्या विहिरी एप्रिलपासून मचूळ होतात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल वर्षभरात जाते. बाजारात साधा टीडीएस मीटर मिळतो, तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही चांगली मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावं असं मानक सांगतं. गिझरमध्ये मॅग्नेशियमचा दांडा असतो, तो स्वतः झिजून टाकी वाचवतो. मचूळ पाण्याच्या घरात तो दरवर्षी उघडून बघावा.

सेप्टिक टँक बहुतेकांना ऑगस्टमध्येच आठवतो, संडासातून गुडगुड आवाज यायला लागल्यावर. पावसाने जमीन तुडुंब असली की शोषखड्डा पाणी घेत नाही. उपसा गाडी मे महिन्यात बोलवावी.

बंद फ्लॅटची काळजी वेगळी. मुंबईहून वर्षातून दोनदा येणाऱ्यांच्या घरात कुलूप उघडल्यावर येणारा वास बहुतेकदा गटाराचा असतो, कारण नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकून गेलेलं असतं आणि त्या वाटेने झुरळंही आत येतात. निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाण्याचं तेल ओतलं की पाणी लवकर उडत नाही. फ्रीज रिकामा करून दार उघडं ठेवावं. गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळू नयेत, आतच बुरशी धरते. दारांच्या चौकटींजवळ वाळवीची मातीची रेघ दिसते का ते पावसाळ्यात एकदा तरी कुणीतरी जाऊन बघायला हवं. घर जुनं चिऱ्याचं असेल तर आतून प्लास्टिक पेंट देऊ नये; जांभा पाणी घेतो तसं सोडतोही, त्याचा श्वास कोंडला की लोणा आत फुटतो. चुन्याचा हात बरा.

चिपळूणसाठी मात्र वेगळंच बघावं लागतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि वस्त्यांत शिरलं तेव्हा तळमजले बुडाले. घर बघताना त्या वेळी इथे पाणी कुठवर आलं होतं, हे मालकाला नव्हे, समोरच्या दुकानदाराला विचारावं. पाटबंधारे खात्याने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या कुठल्या बाजूला इमारत आहे ते नगर परिषदेत कळतं. विजेचे मीटर किती उंचीवर आहेत आणि जमिनीतल्या टाकीचं झाकण पाण्याखाली जातं का, या दोन गोष्टींवरून पुरानंतरचे पंधरा दिवस कसे जातील ते कळतं. टाकीत पुराचं पाणी गेलंच तर उपसून, गाळ काढून, घासून धुतल्यावर ती भरायची आणि दर हजार लिटरला २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून, निवळ वरचं पाणी टाकीत ओतायचं, चोवीस तास ठेवायचं, त्याच पाण्याने नळ थोडे वाहू द्यायचे आणि मग ते सगळं सोडून द्यायचं. ते पाणी प्यायचं नाही, भांड्यांनाही वापरायचं नाही. वायरमनने तपासल्याशिवाय बुडालेल्या घराचा मेन स्विच कुणी चालू करू नये. एरवीही ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, आहे का ते पाहावं आणि त्याचं टेस्ट बटण महिन्याला दाबावं, कारण कातळावर उन्हाळ्यात अर्थिंग नीट मिळत नाही.

घर सोडायची वेळ पावसाळ्यात आली की डिपॉझिटचा तिढा पडतो. मालक म्हणतो रंग काढायला लागेल, पण ओल्या भिंतीवर पुट्टी बसत नाही, त्यामुळे काम नोव्हेंबरच्या आधी होणार नसतं आणि खर्चाचा आकडा तोवर हवेत राहतो. अशा वेळी रिकाम्या घरात दोघांनी मिळून फिरायचं, ताबा घेतला त्या दिवशीचे तारखेचे फोटो मोबाइलवर उघडायचे, भिंती एकेक करून कुठली ओल बाहेरची आणि कुठली आतली ते लिहायचं. बाहेरच्या ओलीच्या भिंती यादीतून काढून टाकायच्या. उरलेल्या भिंतींचं चौरस फुटांत माप घेऊन गावातल्या रंगाऱ्याकडून त्याच दिवशी लेखी दर घ्यायचा, तेवढीच रक्कम कापायची, विजेच्या मीटरच्या रीडिंगवरून शेवटच्या बिलाचा अंदाज काढून तो वजा करायचा आणि उरलेलं डिपॉझिट चावी हातात घेतानाच बँकेतून परत करायचं.